वाचकांचे प्रश्न : पवित्र नगरीची दोन मापे

प्रश्न : ख्रिस्तात सप्रेम सलाम. आमच्या तरुण संघात बायबलातल्या प्रकटीकरण या पुस्तकाचा अभ्यास चालू आहे. २१व्या अध्यायात योहान म्हणतो की नगरीत मला मंदिर दिसले नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचे ४० ते ४८ हे अध्याय मात्र मंदिरानेच भरले आहेत. यहेज्केलाच्या नगरीची बाजू ४,५०० आणि योहानाच्या नगरीची १२,००० स्टेडिया. जखऱ्या सांगतो की यरुशलेमेला तट नसेल, तर योहान तटाचे मापच देतो. यशयाच्या नव्या आकाशाखाली माणूस शंभराव्या वर्षी मरतो आणि योहानाच्या नव्या आकाशाखाली मरणच नाही. संघातल्या एका मुलाने मला तोंडावर विचारले, "ताई, या चौघांनी एकच नगरी पाहिली की चार?" काय सांगू त्याला?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी त्या मुलाला माझी शाबासकी सांगा. त्याचा प्रश्न फार जुना आहे, आणि तो पहिल्यांदा विचारणारे लोक शास्त्रावर जीव टाकणारे होते. यहूदी धर्मगुरूंच्या चर्चांचा जो ग्रंथ, त्या तालमुदात एक हकीकत आहे. यहेज्केलाचे पुस्तक मोशेच्या नियमशास्त्राशी जुळत नाही, म्हणून ते वाचनातून काढून ठेवायची वेळ आली होती. तेव्हा हनन्या बेन हिज्कीया नावाच्या विद्वानाला तीनशे रांजण तेल पोचवण्यात आले. तो माडीवरच्या खोलीत जाऊन बसला आणि सगळ्या वचनांचा मेळ घालूनच उठला. तीनशे रांजण म्हणजे किती रात्रींचे जागरण, हा हिशेब तुमच्या संघाने करावा.

नेमके काय जुळत नव्हते? एक नमुना देतो. चंद्रदर्शनाच्या दिवशी मोशेच्या नियमशास्त्रातल्या गणना २८:११ प्रमाणे दोन गोऱ्हे अर्पायचे आणि यहेज्केल ४६:६ प्रमाणे एक. कोकरे तिथे सात, इथे सहा. एखाद्या नकलनविसाने गुपचूप आकडा सारखा करून टाकला असता तर कुणाला कळलेही नसते. तसे कुणी केले नाही. दोन्ही आकडे आजही आपल्या हातातल्या बायबलात आहेत. ज्यांनी हे ग्रंथ जपले त्यांना विसंगती दिसत होती, आणि ती दिसूनही त्यांनी लेखणी आवरली. आपणही अर्थ लावायच्या घाईत एका वचनाच्या तोंडावर दुसऱ्याचा हात ठेवू नये.

आता मंदिराकडे येऊ.

यहेज्केल हा याजक होता, हे त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्याच वचनात आहे. ४०व्या अध्यायाला तो तारीख घालतो : बंदिवासाचे पंचविसावे वर्ष, नगर पडल्यानंतरचे चौदावे. म्हणजे इ.स.पू. ५७३च्या सुमारास, बाबेलात, मंदिराची राख झालेली असताना एक बेकार याजक मंदिराची मापे लिहून ठेवतो आहे. माझे सारे आयुष्य मोजणी खात्यात नकाशे काढण्यात गेले. त्यामुळे लोक ज्या अध्यायांची पाने उलटतात तिथे मी रमतो. तुमच्या मुलांना आलेखाचा कागद द्या आणि ४८वा अध्याय काढायला सांगा. देशाच्या मधोमध २५,००० लांब आणि २५,००० रुंद असा पवित्र चौरस आहे. त्याचे तीन पट्टे पडतात : याजकांचा १०,००० रुंदीचा, लेव्यांचा १०,००० रुंदीचा आणि उरलेला ५,००० रुंदीचा पट्टा नगरीसाठी. त्या पट्ट्यात नगरी ४,५०० चौरस आणि तिच्या चारी बाजूंना २५०ची मोकळी जागा. ४,५०० अधिक दोन वेळा २५०, बरोबर ५,०००. हिशेब चोख आहे, कुठे बोटभर जागा उरत नाही.

आता त्या कागदावर मंदिर कुठे येते ते पाहा. ते याजकांच्या पट्ट्यात येते. नगरीत येत नाही.

म्हणजे योहानाच्या नगरीत मंदिर नाही आणि यहेज्केलाच्याही नगरीत मंदिर नाही! आपण मात्र "यहेज्केलाचे मंदिर" आणि "यहेज्केलाची नगरी" मनात एकावर एक ठेवतो आणि मग योहानाशी भांडण लावतो. यहेज्केलाने दोन्ही मुद्दाम वेगळी ठेवली. पूर्वी राजांचे वाडे मंदिराला भिंतीला भिंत लावून उभे होते, आणि त्याने पवित्रस्थान विटाळले, अशी तक्रार ४३:८ मध्ये आहे. म्हणून नव्या आराखड्यात मध्ये अंतर सोडले. तरीही पुस्तकाच्या अगदी शेवटच्या वचनात तो त्या मंदिर नसलेल्या नगरीला नाव देतो : "परमेश्वर तेथे आहे." मंदिर एका पट्ट्यात आणि "परमेश्वर तेथे" हे नाव दुसऱ्या पट्ट्यातल्या नगरीला. मला विचाराल तर योहानाच्या २१:२२ चे, म्हणजे "नगरीत मंदिर दिसले नाही" या वचनाचे बीज इथे पडले आहे.

योहान काय करतो? त्याच्या नगरीची लांबी, रुंदी आणि उंची सारखी आहे. अशी जागा जुन्या करारात एकच आहे. १ राजे ६:२० काढा. शलमोनाच्या मंदिराचे परमपवित्रस्थान वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच, आणि आतून शुद्ध सोन्याने मढवलेले. योहानाची नगरीही शुद्ध सोन्याची आहे. त्या खोलीत वर्षातून एकदा एकटा महायाजक जात असे, आणि त्याच्या कपाळावर परमेश्वराचे नाव कोरलेली सोन्याची पट्टी असे. प्रकटीकरण २२:४ मध्ये देवाचे मुख पाहणाऱ्या सगळ्याच दासांच्या कपाळावर त्याचे नाव आहे. ती खोलीच नगरीएवढी झाली. परमपवित्रस्थानात उभे राहून मंदिर कुठे शोधणार? मंदिर नाही असे म्हणून योहान तिथेच थांबत नाही. देव आणि कोकरा, म्हणजे ख्रिस्त, हेच तिचे मंदिर, असे त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग सांगतो. वाद घालणारे बहुधा पहिला अर्धाच वाचतात.

मापांचे म्हणाल तर ४,५०० हे हात धरले, तेही यहेज्केलाचे चार बोटे जास्तीचे लांब हात, तर बाजू साधारण सव्वादोन-अडीच किलोमीटर येते. चालत अर्ध्या तासाचे नगर. १२,००० स्टेडिया म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. तटाचे १४४ हात म्हणजे जेमतेम ६५ मीटर. २,२०० किलोमीटर उंच नगराला ६५ मीटरचा तट! काही भाष्यकार हे माप तटाच्या जाडीचे धरतात, तसेही धरता येईल. पण कुणी माझ्यासमोर असा आराखडा ठेवला असता तर मी दोन्ही आकड्यांखाली लाल रेघ ओढली असती. योहानाला हे समजत नव्हते असे मला वाटत नाही. बारा वंश, बारा प्रेषित, बारा वेशी, बारा पाये, बारा गुणिले हजार, बारा गुणिले बारा. इथे आकडे जमीन मोजत नाहीत, माणसे मोजतात : कुणीही बाहेर राहिलेला नाही, गणती पुरी झाली. यहेज्केलाच्या आकड्यांवर भिंत उभी करता येईल, योहानाच्या आकड्यांवर नाही, आणि हा फरक मुलांपासून लपवायचे कारण नाही.

मग नगरी एक की चार? दोन्ही पुस्तकांचा क्रम शेजारी शेजारी ठेवा. यहेज्केल ३७ मध्ये सुकलेली हाडे उठतात, ३८-३९ मध्ये गोगची स्वारी होते, ४० मध्ये संदेष्ट्याला उंच डोंगरावर नेतात आणि मापाची काठी घेतलेला पुरुष दिसतो, ४७ मध्ये नदी येते. प्रकटीकरण २० मध्ये मेलेले उठतात, गोग आणि मागोग येतात, २१ मध्ये योहानाला उंच डोंगरावर नेतात आणि देवदूताच्या हाती सोन्याची काठी असते, २२ मध्ये नदी येते. दर महिन्याला फळ देणारी झाडे आणि औषधी पाने दोन्हीकडे आहेत. हा योगायोग नाही. आमच्या खात्यात फेरमोजणी करताना जुना नकाशा समोर ठेवून, त्याच खुणांवरून नवा काढायचा असे. योहानाने तेच केले आहे. यहेज्केलाची गुंडाळी त्याच्यापुढे उघडी आहे आणि कुठे कुठे आपण वेगळी रेघ ओढतो आहोत हे तो जाणतो. मंदिराच्या उंबरठ्याखालून निघणारी नदी त्याने सिंहासनापासून काढली. यहेज्केलाची पाने औषधासाठी होती, योहानाने "राष्ट्रांच्या" औषधासाठी केली. या दोघांमध्ये सहाशेहून अधिक वर्षे गेली, दुसरे मंदिर उभे राहिले आणि इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने तेही जाळले. योहानाच्या हाती यहेज्केलाला माहीत नसलेली एक गोष्ट होती : कोकरा वधला गेला होता. यहेज्केलाच्या आराखड्यात वेदी मधोमध आहे आणि ४५:१५-१७ प्रमाणे तिच्यावरचे बली प्रायश्चित्तासाठी आहेत. इब्री लोकांस पत्र १०:१८ म्हणते की क्षमा झाली तिथे आता पापाबद्दल अर्पण उरले नाही. वेदी गेली की तिच्याभोवतीची अंगणेही जातात.

तुमच्या मंडळीत कुणी म्हणेल की सोपे आहे, यहेज्केलाचे मंदिर प्रकटीकरण २० मधल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यात आणि योहानाची नगरी त्यानंतर. हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ट्रायफो या यहूद्याबरोबरच्या संवादात लिहिले की यहेज्केल आणि यशया सांगतात तसे यरुशलेम पुन्हा बांधले जाईल आणि तिथे हजार वर्षे जातील असे मी मानतो. त्याच परिच्छेदात त्याने हेही लिहिले की शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे अनेक ख्रिस्ती तसे मानत नाहीत. म्हणजे पहिल्या दीडशे वर्षांतच दोन्ही मते एका बाकावर बसत होती. माझी अडचण एवढीच की योहानाने यहेज्केलाची नदी, झाडे आणि वेशी हजार वर्षांच्या २०व्या अध्यायात ठेवल्या नाहीत, २१-२२ मध्ये ठेवल्या. आणि ते बली केवळ स्मरणासाठी असतील म्हणावे तर यहेज्केल स्वतः तसे म्हणत नाही, प्रायश्चित्त म्हणतो.

तटाचे उत्तर छोटे आहे आणि मला व्यक्तिशः ते फार आवडते. जखऱ्या २ मध्ये एक जण मापाची दोरी घेऊन यरुशलेम मोजायला निघतो आणि देवदूत दुसऱ्याला पिटाळतो : धाव, त्या तरुणाला सांग, माणसे आणि गुरेढोरे इतकी होतील की ती तटात मावणार नाहीत, मीच तिच्याभोवती अग्नीचा तट होईन. मोजणीदाराला भर कामात थांबवल्याचा शास्त्रातला हा एकच प्रसंग असावा. जखऱ्याला हवी आहे ती न मावणारी गर्दी आणि देवाची राखण. योहानाच्या तटाला बारा वेशी आहेत, आणि त्या कधीच बंद होत नाहीत. ज्या तटाची एकही वेस लागत नाही तो शत्रूला काय अडवणार? तो उभा आहे तो पायाच्या दगडांवर प्रेषितांची आणि वेशींवर वंशांची नावे लिहायला. (यहेज्केल ४४:२ मधली कायमची बंद वेस मंदिराच्या पूर्वेची आहे, नगरीची नव्हे. ही गल्लत फार होते.)

वेशींवरच्या नावांबद्दल आणखी एक. यहेज्केल ४८ मध्ये जमीन वाटताना एफ्राईम आणि मनश्शे असे दोन वाटे आहेत आणि लेवी त्या बारांत नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी वेशींना नावे देताना मात्र लेवी आहे आणि त्या दोघांच्या जागी एकटा योसेफ आहे. म्हणजे एकाच माणसाने एकाच अध्यायात बारा दोन तऱ्हांनी मोजले. शेत वाटायची यादी वेगळी, घरातल्या लेकरांची यादी वेगळी.

मरणाचे वचन सर्वांत जड. यशया ६५:१७ मध्ये नवे आकाश आणि नवी पृथ्वी, आणि तीनच वचनांनंतर शंभर वर्षांचा होऊन मरणारा "तरुण". हजार वर्षांचा तोडगा इथे अर्धाच पोचतो, कारण त्यासाठी एकाच परिच्छेदाच्या मधोमध काळाची भिंत घालावी लागते. मी मुलांना आधी यशया ६०:१९-२० वाचायला सांगेन. १९व्या वचनात सूर्य तुला प्रकाश द्यायला नसेल. २०व्या वचनात तुझा सूर्य पुन्हा मावळणार नाही. सूर्य नाही, आणि जो आहे तो मावळत नाही! संदेष्टा दोन ओळींत दोन चित्रे काढतो आणि दोन्हींतून एकच सांगतो : अंधार संपला. ६५व्या अध्यायात तो ज्यांच्याशी बोलतो त्यांनी चार दिवसांची लेकरे पुरली आहेत, घर बांधले आणि त्यात दुसरा राहायला आला, मळा लावला आणि फळ दुसऱ्याने खाल्ले. त्यांच्या एकेका जखमेचे नाव घेऊन तो ती उलटी करतो. हेच पुस्तक २५:८ मध्ये परमेश्वर मरणाला कायमचे गिळून टाकील असेही म्हणते, आणि योहान अश्रू पुसणे उचलतो ते त्याच वचनातून. यशयाच्या पुस्तकाला दोन्ही बोलणी ठाऊक होती. योहानाने त्यांतले शेवटचे घेतले.

प्रश्न : प्रकटीकरण १९ मध्ये पृथ्वीचे राजे पशूबरोबर लढायला येतात आणि मारले जातात. मग २१:२४ मध्ये नगरीत वैभव आणणारे पृथ्वीचे राजे कोठून आले? आणि २१:८ प्रमाणे दुष्ट अग्निसरोवरात असतील तर २२:१५ मध्ये ते वेशीबाहेर कसे?
— एक वाचक बंधू

उत्तर : इथे जुन्या नकलनविसांचाही धीर सुटला. १६११च्या किंग जेम्स भाषांतरात २१:२४ ला "तारण पावलेल्यांची" राष्ट्रे असे आहे, पण जुन्या हस्तलिखितांत ते शब्द नाहीत, नुसती "राष्ट्रे" आहेत. वाचणाऱ्याला ठेच लागू नये म्हणून कुणीतरी मध्ये दगड बसवला. मी तो काढून वाचतो.

मूळ आहे यशया ६० मध्ये : राष्ट्रे तुझ्या प्रकाशाकडे येतील, राजांना मिरवत आणतील, तुझ्या वेशी रात्रंदिवस उघड्या राहतील. योहानाने ते तसेच्या तसे घेतले, आणि घेताना हेही पाहिले की हेच "पृथ्वीचे राजे" त्याच्या १८व्या अध्यायात बाबेलीसाठी रडत होते. त्याने शब्द बदलला नाही. यावरून सगळेच तारले जातील असा सिद्धांत मी मांडणार नाही, कारण २१:२७ तिथेच उभे आहे : कोकऱ्याच्या जीवनाच्या पुस्तकात नाव असलेल्यांखेरीज कुणी आत जाणार नाही. पण ज्यांना आपण १९व्या अध्यायात पुरून मोकळे झालो ते राजे २१व्यात चालत येतात, हे वचन नजरेआड करणेही प्रामाणिक नाही. उघडी वेस आणि लिहिलेले पुस्तक, दोन्ही त्याने तीन वचनांच्या अंतरात ठेवली आहेत.

"बाहेर" याचे उत्तर सोपे आहे. २२:१५ पर्यंत दर्शन संपलेले आहे, ६व्या वचनापासून वाचणाऱ्या मंडळ्यांशी बोलणे सुरू झाले आहे. ते वचन तटाच्या बाहेर कोण कुठे उभा आहे याचा नकाशा देत नाही. १४व्या वचनात झगे धुणाऱ्यांना आत बोलावले आहे, १५वे त्याचीच दुसरी बाजू. आणि १७व्यात तहानेल्याला पुन्हा हाक आहे : ये.

प्रश्न : इब्री लोकांस पत्र १२:२२ म्हणते, तुम्ही स्वर्गीय यरुशलेमेजवळ आला आहात. १३:१४ म्हणते, येणारे नगर आपण शोधत आहोत. आलो की शोधतो?
— एक वाचक

उत्तर : दोन्ही वचनांच्या मागचीपुढची वाक्ये वाचा. १२व्या अध्यायात सीनायशी तुलना चालू आहे : तिथे लोकांना डोंगराला हात लावायचीही बंदी होती, तुम्हाला येशूच्या रक्तामुळे जवळ येऊ दिले आहे. हे उपासनेतले येणे. १३व्या अध्यायात विषय राहण्याचा आहे : येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, म्हणून त्याची निंदा सोशीत आपणही तळाबाहेर त्याच्याकडे जाऊ, कारण इथे आपल्याला टिकणारे नगर नाही. ज्यांना हे पत्र गेले त्यांच्या मालमत्तेची लूट झाली होती, हे १०:३४ मध्ये आहे. "तुम्ही पोचलात, आता निवांत बसा" असे त्यांना कुणी सांगितले असते तर त्यांनी हात जोडले असते, आणि "अजून काहीच मिळालेले नाही" असे सांगितले असते तर ते मागे फिरले असते. म्हणून लेखकाने दोन्ही वाक्ये लिहिली, आणि ११:१० मध्ये त्याआधीच अब्राहामाला तंबूत राहून पायाबंद नगराची वाट पाहताना दाखवून ठेवले.